तुटलेल्या सुईचं माप

कस्तुरा ओव्हाळच्या घरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. मी दारात आलो की ती त्याचं झाकण लावायची. घाईने नाही, सहज. पण लावायचीच. मी एकतीस वर्षं कारखान्यात, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये काढली, त्यातली शेवटची नऊ तपासणीच्या टेबलावर. माणूस काही लपवतो तेव्हा त्याचा हात कसा चालतो ते मला कळतं. आणि लपवलेला माल चांगला कधी निघत नाही.

तरी मी विचारलं नाही. शेजारणीच्या डब्यात काय आहे हे विचारायची रीत नाही.

आम्ही दापोडीत रेल्वेकडच्या गल्लीत भिंतीला भिंत लावून राहतो. तिचा नवरा विलास माझ्याच शॉपमध्ये होता. शॉप बंद झालं तेव्हा मी निवृत्तीला आलो होतो, तो नव्हता. आता तो कुरुळीत एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहे. कस्तुरा त्याच भागात एका ठेकेदाराकडे गाड्यांच्या वायरी बांधायची. उभ्याने काम. आठ तास, ओव्हरटाइम असला तर बारा. सात वर्षांपूर्वी ठेका तुटला. दुसरीकडे नाव घालण्याऐवजी तिने जुनं पायाचं शिलाई मशीन घेतलं, त्याला मोटर बसवली आणि गोधड्या शिवायला बसली.

हाताने गोधडी शिवायला महिना जातो. मशीनवर तीन दिवसांत होईल असं तिचं म्हणणं. पहिलीला एकोणीस दिवस लागले. ती आज विलासच्या मोटारसायकलवर धुळीसाठी टाकलेली असते.

चूक साधी होती. तिने एका काठापासून शिवायला सुरुवात केली. मशीनचे दाते खालचं कापड ओढतात, वरचं मागे रेंगाळतं. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत वरचं कापड चार बोटं उरलं. तिने ते दुमडलं आणि दाबून शिवलं. गोधडीला पोट आलं.

"मशीन वाकडं आहे," ती म्हणाली. "विकणाऱ्याने फसवलं."

मी पट्टी लावून पाहिलं. मशीन सरळ होतं.

दुसऱ्या गोधडीला खालच्या बाजूने दोऱ्याच्या गुठळ्या आल्या. मग दोरेवाल्याने माल कच्चा दिला असं ठरलं. तिसरी धुतल्यावर आक्रसली, तेव्हा तिने विलासकडे पाहिलं.

"मी बाजारात गेल्यावर मशीनला हात कोण लावतं?"

"मी कशाला लावू? मला त्यातली बॉबिन कुठली आणि शटल कुठलं ते कळत नाही."

"म्हणूनच विचारते."

मी तिथेच बसलो होतो. म्हणालो, "कस्तुराबाई, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. एक राहिला."

"कोण?"

"हात."

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिन्ही गोधड्या उचलून माझ्या दारात आली आणि म्हणाली, "सांगा."

मला शिवणातलं काही येत नाही. मी तिला एवढंच सांगितलं, की आमच्याकडे नाकारलेल्या मालाला लाल चिठ्ठी लागायची. काय, कधी, कशामुळे. तीन रकाने. पहिले दोन कुणीही भरतं. तिसऱ्यात नवा कामगार नेहमी 'मशीन' लिहायचा. मी ती चिठ्ठी परत करायचो. मशीन हे कारण नसतं. मशीनला कुणीतरी काहीतरी चुकीचं सांगितलेलं असतं. आणखी एक नियम होता. काही तुटलं तर तुटलेले तुकडे चिठ्ठीला चिकटवायचे. तुकडा हरवला तर तो मालात गेला असं धरायचं.

तिने लाल कार्डपेपर आणला, कापून चिठ्ठ्या केल्या. एकेक कारण सापडायला लागलं. दोरा ओवताना कापड दाबणारा मशीनचा पाय खाली होता, म्हणून गुठळ्या. आत घातलेलं कंपनीच्या गणवेशाचं कोरं कापड आधी धुतलं नव्हतं, म्हणून आक्रसणं. पुढे ती सगळं कापड गरम पाण्यातून काढायला लागली. सगळे थर हाताने लांब टाके घालून बांधायचे, मग मधल्या रेघेपासून बाहेर शिवत जायचं. चौथी गोधडी बरी झाली. सातवीला मी बोट ठेवायला जागा शोधत राहिलो.

पुढे ती मला काही विचारेनाशी झाली. डबा मात्र बंद व्हायला लागला.

आता छबूबाईचं. कुरुळीतल्या जुन्या घराण्यातली बाई, सत्तरीची. विलासच्या गेटसमोर तिचं घर, मागे कामगारांना दिलेल्या खोल्या. गावातल्या बायकांची जुनी लुगडी, साड्या तिच्या पडवीत गोळा व्हायच्या आणि विलास ड्युटीवरून येताना गाठोडं घेऊन यायचा. कस्तुराचं निम्म्याहून जास्त काम त्या पडवीतून यायचं. छबूबाईने एकदा मान हलवली असती तर ते थांबलं असतं.

गेल्या वर्षी छबूबाईचा नवरा चिमाजी गेला. यंदा सुनेला, करिष्माला, मुलगा झाला. बाळाने आजाच्या कापडात लोळायचं, अशी त्यांच्या घरची पद्धत. म्हणून चिमाजीची दोन धोतरं आणि गुलाबी फेटा कस्तुराकडे आला. बाळाची लहान गोधडी करायची. छबूबाई ती न्यायला स्वतः दापोडीला आली. कस्तुरा चहा टाकायला आत गेली.

डबा मशीनवर उघडा राहिला होता.

हे मला त्यानंतरच्या गुरुवारी कळलं. विलास दुपारी ड्युटीवरून आला तो घरात न जाता माझ्या ओट्यावर बसला. बूटही काढले नाहीत.

"आबाजी, गावात काय बोलतात माहीत आहे? आमची ही करणी करते म्हणून."

"कोण बोलतं?"

"छबूबाई. तिने डब्यात बघितलं. मेलेल्या नवऱ्याच्या फेट्याचा तुकडा. त्याला लाल कागद, त्यावर नवऱ्याचं नाव, तारीख आणि टोचलेली सुई. त्यात असे ढीगभर तुकडे आहेत म्हणे, सगळ्यांची नावं घालून. पोर त्या गोधडीवर ठेवलं की रडतं. पोटरीला ओरखडा उठलाय. गोधडी गोठ्याच्या खिळ्याला टांगलीय, हात कुणी लावत नाही. तीन बायकांनी माझ्याकडून गाठोडी परत नेली."

मी उठून तिच्या घरात गेलो. कस्तुरा मशीनपाशी बसली होती, मशीन बंद. डबा मांडीवर. या वेळी झाकण लावलं नाही.

"खरं सांगा," मी म्हणालो. "फेटा कापलात?"

"कापला."

"किती?"

"हातभर. शेमल्याकडून."

"विचारून?"

तिने मांडीवरचा डबा सरळ केला. मग म्हणाली, "दर गोधडीचं कापड वेगळं. कुठलं विरलेलं, कुठलं जाड. आधी त्याच थरांचा हातभर नमुना शिवून बघते. टाका बसला, दोरा जुळला, मगच गोधडीला हात लावते. काही बिघडलं की नमुन्याला चिठ्ठी लावून ठेवते. तुमच्याकडे पहिला नग तपासल्याशिवाय शिफ्ट चालू करायचे का?"

"नाही."

"मग?"

"पत्रा कंपनीचा होता, कस्तुराबाई. कुणाच्या मेलेल्या माणसाचा नव्हता."

ती म्हणाली, "विचारलं असतं तर दिला नसता कुणी. म्हणून झाकण लावत होते. तुमच्यासमोरसुद्धा. तुम्ही ओरडला असता."

"ओरडलोच असतो."

विलास दारातून म्हणाला, "जाळून टाक तो डबा. मी त्यांना सांगतो जाळला म्हणून. विषय संपला."

"जाळला की मी करत होते असंच झालं," कस्तुरा म्हणाली. "आपल्या घरात असलं कोणी मानत नाही. पण मानणारे आपल्याला काय समजतात ते ऐकलंत ना गेटवर? डबा गेला तर दाखवायला काय राहिलं माझ्याकडे?"

यात तिचं बरोबर होतं. पण मला अजून तिचा भरवसा वाटत नव्हता. सहा वर्षं झाकण लावणारी बाई एका दुपारी सगळं सांगत असेल असं मी धरत नाही. मी डबा मागितला.

आत तारेत ओवलेले बत्तीस नमुने होते, हातभर लांब, दोन-तीन बोटं रुंद. प्रत्येकाला लाल चिठ्ठी. अक्षर टपोरं. 'मिनल, आईची साडी, दोरा ताणला, मी पेच घट्ट फिरवला.' 'धोतर जीर्ण, टाका बारीक घेतला, फाटलं, मी घाई केली.' बत्तीसपैकी एकाही चिठ्ठीवर 'मशीन' हा शब्द नव्हता. मी तपासणीच्या टेबलावर बसत होतो तेव्हा असा कामगार मला एकही मिळाला नाही. हे मी तेव्हा तिला बोललो नाही.

मग चिमाजीचा फेटा. गुलाबी तुकडा, खाली धोतराचा थर. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'गोधडीच्या कोपऱ्यात आठ पदर आले, सुई तुटली, मी जाड सुई लावली नव्हती.' खाली चिकटपट्टीने सुईचे दोन तुकडे लावलेले.

मला तुटलेल्या वस्तूकडे नुसतं बघता येत नाही. मी तिला त्याच नंबरची नवी सुई मागितली. चिकटपट्टी सोडवून तुकडे कागदावर टोकाला टोक लावून ठेवले, शेजारी नवी सुई ठेवली. खालच्या तुकड्याचं टोक तिरकं तुटलेलं होतं. ट्यूबलाइटखाली ते अणकुचीदार दिसतं. नखाने चाचपलं तर खरबरीत लागतं.

"बघा," मी म्हणालो.

ती वाकली.

जुळवलेली सुई नव्या सुईपेक्षा एक सूत कमी होती. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जवारीच्या दाण्याएवढा.

"दोनच तुकडे सापडले होते," ती म्हणाली. "दोनच असतात असं वाटलं मला."

"मोजले नाहीत?"

"तुम्ही चिकटवायला सांगितलं होतं. मोजायला सांगितलं नव्हतं."

हे खरं होतं. शॉपमध्ये मोजायचं हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ते कुणी बोलून दाखवत नाही. मी तिला अर्धाच नियम दिला होता.

विलास म्हणाला, "आता तर जाऊच नका तिथे. करणी नाही ते नाही, पण पोराच्या गोधडीत सुई घातली असं होईल. पोलिसात जातील."

कस्तुराने पायात चपला सरकवल्या. "आज टांगलीय. उद्या त्यांचं मन बदललं आणि पोर पुन्हा त्यावर घातलं तर?"

मी घरातून लोहचुंबक घेतला. जुन्या स्पीकरचा, गोल, तळहाताएवढा. शॉपमध्ये असताना टेबलावर पडलेला पत्र्याचा कचरा मी त्याने उचलायचो. डबा तिने पिशवीत घातला. आम्ही दोघं नाशिक फाट्याला बस बदलून कुरुळीला निघालो. विलासची झोप व्हायची होती, तरी तो मोटारसायकलवरून मागे आला. बसमध्ये ती एकच वाक्य बोलली.

"चुंबकाला नाही सापडलं तर?"

"तर सगळी उसवायची."

"आणि उसवून नाही सापडलं तर?"

एक सूत लोखंड पोराच्या अंगात जाऊ शकतं हे तिलाही कळत होतं.

छबूबाई पडवीत धान्य निवडत होती. करिष्मा पोराला खांद्यावर घेऊन फिरत होती. शेजारच्या दोन बायका बसल्या होत्या, त्या आम्हाला बघून उठल्या नाहीत, पण सरकल्या. छबूबाईने सुपातून मान वर केली नाही.

"त्यो तुकडा आणलास का?"

"आणलाय, मावशी. सगळा डबाच आणलाय."

"डबा माझ्या उंबऱ्याच्या आत न्हाई आणायचा."

"नाही आणत." कस्तुरा पायरीखाली अंगणात बसली. "पण आधी गोधडी द्या. तिच्यात सुईचं टोक राहिलंय असं मला वाटतं. माझ्या हातून तुटली होती. पोराला लागलं ते तेच असणार."

करिष्मा जागच्या जागी थांबली. छबूबाईने सूप खाली ठेवलं.

"म्हंजे सुई घातलीस ती कबूल करतीस?"

"घातली नाही. राहिली."

"घातली काय आन् राहिली काय. पोराच्या पायाला तर लागलीच की."

"व्हय," कस्तुरा म्हणाली. तिच्या तोंडून मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

गोधडी काढायला कुणी उठेना. शेवटी करिष्माने पोर सासूच्या मांडीवर दिलं, गोठ्यात गेली आणि काठीने खिळ्यावरून गोधडी काढून अंगणात टाकली. दोन हात लांब, दीड हात रुंद. मधोमध धोतराचं पांढरं, कडेने फेट्याचं गुलाबी. टाके ओळीत. मी टाके बघत बसलो याचं आता हसू येतं, पण ते ओळीत होते.

मी चुंबक कस्तुराच्या हातात दिला. हे काम तिचं होतं. तिने मधल्या रेघेपासून सुरुवात केली, शिवते तशी, आणि बाहेर सरकत गेली. घाई नाही. प्रत्येक ओळ. बायका माना पुढे काढून बघत होत्या. पहिला कोपरा, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्या कोपऱ्यावर तिचा हात थांबला. तिने चुंबक उचलला आणि त्याबरोबर कापड तंबूसारखं वर आलं.

ब्लेडने तिने पाच टाके उसवले. सहाव्या पदरात टोक होतं. चुंबकाला जाऊन चिकटलं. तिने पिशवीतून चिठ्ठीवरचे तुकडे काढले, नवी सुई काढली, पायरीवर मांडली. तिन्ही तुकडे जुळवले. दोन्ही सुया सारख्या भरल्या.

"मोजा तुम्ही," ती छबूबाईला म्हणाली.

छबूबाई खाली उतरली. चष्मा नव्हता, म्हणून बोटाने चाचपलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग बसलेल्या बायकांकडे बघून म्हणाली, "म्हणलं न्हवतं? व्हतंच कायतरी."

"होतं, मावशी. माझी चूक होती ती."

"करणीवाली आसं सांगत बसती व्हय कदी?" एक बाई म्हणाली. कुणाची बाजू घेऊन म्हणाली ते कळलं नाही.

छबूबाईने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. "डबा उघड," ती कस्तुराला म्हणाली. "तितंच. खाली."

कस्तुराने तार बाहेर काढली आणि एकेक चिठ्ठी वाचून दाखवली. सुरुवात स्वतःच्या गोधड्यांपासून. कुठे काय बिघडलं, कसं बिघडलं. एका बाईने स्वतःच्या आईच्या साडीचा तुकडा ओळखला. कस्तुराने तो तारेतून सोडवून तिच्या हातात दिला. बाईने तो ओटीत घेतला. अर्ध्या चिठ्ठ्या झाल्यावर छबूबाई म्हणाली, "पुरं. इतकं शिकाया आमचीच कापडं घावली व्हय तुला? इच्यारायचं तोंडानं."

"विचारायला हवं होतं."

"दिलं नसतं मी. पर इच्यारायचं."

चिमाजीच्या फेट्याचा तुकडा तिने हात पुढे करून मागून घेतला. धोतराचा थर नखाने वेगळा केला, गुलाबी तेवढं ठेवलं. करिष्माकडून सुईदोरा मागवला आणि पायरीवर बसून, उसवलेल्या कोपऱ्यावर तो तुकडा स्वतः शिवायला लागली. चष्म्याशिवाय. टाके हरभऱ्याएवढे, वाकडे. एक टाका कापडाच्या बाहेर गेला. कस्तुराचा हात दोनदा पुढे आला आणि दोनदा मागे गेला. मी तिच्याकडे बघून मान हलवली. हा टाका तिचा नव्हता.

"उकळत्या पाण्यातनं काढ," छबूबाई शिवून झाल्यावर सुनेला म्हणाली. "मंग उनात टाक. मंग बगू."

"घालायची का मग बाळाला, आत्या?"

"म्हणलं ना, बगू."

चहा आला. कस्तुराने घेतला, मी घेतला. विलास गेटपाशी मोटारसायकलवर बसून होता, त्याला आत बोलावलं तर तो म्हणाला, ड्युटी आहे. ड्युटी नव्हती.

निघताना मी चुंबकासाठी हात पुढे केला. छबूबाईने तो पदराखाली घेतला होता.

"ह्यो हितंच ऱ्हाऊ दे."

"मावशी, तो यांचा आहे," कस्तुरा म्हणाली.

"असंल. तुजी गोधडी आली की मी फिरवून बगंन. मंग घरात घीन."

याला सात-आठ महिने झाले. दोन बायकांची गाठोडी परत आली, एकीचं आलं नाही. आता कस्तुरा गाठोडं घेतानाच सांगते, हातभर कापड नमुन्याला लागेल, चालेल का. काही जणी नाही म्हणतात. मग ती बाजारातून तसंच कापड शोधून आणते आणि त्यावर नमुना शिवते, वेळ दुप्पट जातो. नमुना गोधडीबरोबर परत जातो. डब्यात आता नुसत्या चिठ्ठ्या असतात. सुई तुटली की ती नव्या सुईशेजारी मांडून मोजते, मग चिकटवते. चिमाजीच्या फेट्याच्या चिठ्ठीवर जुनं कारण खोडून तिने लिहिलंय: 'मोजलं नाही. विचारलं नाही.'

विलास सांगतो, छबूबाई प्रत्येक गोधडी पडवीत अंथरते, आडवाउभा चुंबक फिरवते आणि मगच मालकिणीला निरोप धाडते. आजपर्यंत तिला काही सापडलेलं नाही. तरी दर वेळी चारही कोपरे दोनदा बघते. नातू चिमाजीच्या गोधडीवर झोपतो की नाही, ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

माझा चुंबक तिच्याकडेच आहे. मी दोनदा निरोप पाठवला. दोन्ही वेळा उत्तर आलं, अजून भरवसा न्हाई.